‘मस्करी केली, सर’



टेंभी नाक्यावर संध्याकाळी सहानंतर शांतपणे बोलायला जागा मिळत नाही. रिक्षांचे हॉर्न, स्टेशनकडे धावणारी माणसे, त्यात एखाद्या मंडळाचा स्पीकर. तरीही आमच्या बैठका तिथल्याच एका चहाच्या टपरीवर होतात, कारण कल्याण, डोंबिवली, उल्हासनगरहून येणाऱ्यांना स्टेशनपासून चालत येता येते आणि ठाण्यातल्यांनाही सोयीचे पडते. तिथून दहा मिनिटे चालले की कोर्टनाका, म्हणजे बाबासाहेबांचा पुतळा, कलेक्टर कचेरी आणि न्यायालय. गंमत नाही, पण आमची अर्धी आंदोलने टेंभी नाक्यावर ठरली आणि कोर्टनाक्यावर झाली.

मागच्या एप्रिलमध्ये अशीच एक बैठक झाली आणि ती बैठक आम्हाला अजून सतावते. आज जे लिहितो आहोत ते त्या बैठकीबद्दल आहे आणि आमच्या चुकीबद्दलही आहे.

आठवीतली एक मुलगी. शाळेचे नाव लिहीत नाही आणि लिहिणारही नाही, का ते पुढे येईलच. १४ एप्रिलला तिने पांढरी साडी नेसून, निळी पट्टी बांधून जयंतीच्या मिरवणुकीतला फोटो स्टेटसला ठेवला. वर्गातल्या एका मुलाने त्याचा स्क्रीनशॉट काढला, त्यावर ‘फुकट’ या शब्दाभोवती फिरणारी एक ओळ टाकून स्टिकर बनवला आणि वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सोडला. हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मग कुणीतरी लिहिले की हिला तर शाळेत यायचेही पैसे मिळतात. मग आणखी कुणी आरक्षणावरचा एक रील टाकला. तासाभरात ग्रुप क्रिकेटवर गेला. ज्यांनी लिहिले त्यांच्यासाठी विषय तिथे संपला होता.

मुलीची आई आमच्याकडे आली तेव्हा तिचा प्रश्न एवढाच होता, “दादा, शाळा बदलू का?”

आम्ही चौघे शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी मुलाला बोलावले. तो खाली मान घालून म्हणाला, “मस्करी केली, सर.” मुख्याध्यापक आमच्याकडे वळून म्हणाले, “बघा, मुलं आहेत हो. तुम्ही उगाच जातीवर नेता.” ही दोन वाक्ये महाराष्ट्रातल्या किती शाळांच्या किती कार्यालयांत उच्चारली गेली असतील, कुणी मोजत नाही.

आता ते ‘पैसे’ किती, तेही एकदा सांगून टाकू. पाचवी ते सातवीच्या अनुसूचित जातीच्या मुलींना सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती वर्षानुवर्षे महिन्याला ६० रुपये या दराने मिळत आली, आठवी ते दहावीला १०० रुपये. दहा महिने धरले तर वर्षाला ६०० किंवा १,०००. तीही वेळेवर येईल याची खात्री नाही. त्यासाठी बँक खाते काढा, आधार जोडा, जातीच्या दाखल्यासाठी खेपा घाला. आणि एवढ्यासाठी वर्गात मोठ्याने नाव वाचले जाते, “एससीच्या मुलींनी कागद आणून द्या.” ज्या पोराने स्टिकर बनवला त्याला हे नाव कुठून कळले, असे आम्ही विचारले तेव्हा उत्तर मिळाले, वर्गात वाचतात ना. म्हणजे द्वेषाचा कच्चा माल शाळेनेच पुरवला होता. वाचणाऱ्या बाईंच्या मनात कदाचित काही वाईट नव्हते. पण चाळीस पोरांसमोर जात वाचून दाखवायची आणि मग पोरे जात बोलली की नवल करायचे, हे काही आमच्या बुद्धीला पटत नाही.

‘फुकट’ हा शब्द मुलांनी शोधलेला नाही. आठवून पाहा. २०२० साली मराठी मालिकांतल्या एका अभिनेत्रीने ६ डिसेंबरला मुंबईत येणाऱ्या बौद्ध अनुयायांच्या फुकट प्रवासावरून फेसबुकवर पोस्ट लिहिली. रबाळे पोलीस ठाण्यात अॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला, २०२२ मध्ये त्यात अटक झाली आणि जामिनाचा अर्ज याच ठाण्याच्या न्यायालयात चालला. त्या काळात पोस्टच्या बाजूने लिहिणारे किती होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. चैत्यभूमीवर रात्रभर रांगेत उभ्या राहणाऱ्या, घरून भाकरी बांधून आणणाऱ्या आणि परत जाताना पुस्तकांच्या पिशव्या घेऊन जाणाऱ्या माणसांना ‘फुकटे’ म्हणायला सुशिक्षित, नोकरदार मंडळी कचरली नाहीत. मग आठवीतल्या पोराने काय वेगळे केले? घरात, गल्लीत, मोबाईलवर जे चलनात आहे तेच त्याने वर्गात खर्च केले.

हेच शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के प्रवेशांचे. खासगी शाळेत कलम १२(१)(क) खाली आलेल्या मुलाला ‘आरटीईवाला’ हे टोपणनाव मिळते आणि ते पहिलीपासून आठवीपर्यंत पुसले जात नाही. मोठ्यांनी तर त्यांना वर्गातच येऊ द्यायचे नाही असा घाट घातला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलले आणि जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना या २५ टक्क्यांतून मोकळे केले. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द केला म्हणून ती मुले आज त्या बाकांवर आहेत. ‘ही आपल्यातली नव्हेत’ हा संदेश शासनाच्या अधिसूचनेतून निघत असेल तर वर्गातल्या पोरांना दोष देताना जरा जपून बोलावे लागते.

आता टपरीवरच्या बैठकीकडे येतो.

आमच्यात सरळ दोन तट पडले. तरुण पोरांचे म्हणणे, गुन्हा दाखल करा, बाकी काही बोलू नका. अॅट्रॉसिटीचे कलम आहे, २०१५ च्या दुरुस्तीने ते आणखी धारदार झाले आहे, वापरायचे नाही तर मग कशासाठी मिळवले? रेल्वेतून निवृत्त झालेले आमचे एक ज्येष्ठ, सगळे त्यांना भाऊ म्हणतात, ते चहाचा ग्लास खाली ठेवून एवढेच म्हणाले, “पोरगं चौदा वर्षांचं आहे रे.” त्यावर एकाने उलट विचारले, “आपली पोरं चौदा वर्षांची नसतात का, भाऊ?” भाऊंकडे उत्तर नव्हते. आमच्याकडेही नव्हते.

आणि हे वाद चालू असताना आमच्यातल्याच एकाने, शाळेत मोबाईलवर काढलेला व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकून दिला होता. मुख्याध्यापक दिसतात, मुलाचा चेहरा दिसतो, मागे शाळेच्या नावाचा फलक दिसतो. रात्रीपर्यंत हजारो लोकांनी पाहिला. खाली काय लिहिले गेले ते इथे सांगण्यासारखे नाही आणि ते दोन्ही बाजूंनी लिहिले गेले. आपल्या लोकांनी त्या पोराच्या आईबद्दल लिहिले. त्यांच्या लोकांनी आमच्या मुलीबद्दल. तोवर तिची गोष्ट वर्गाच्या ग्रुपपुरती होती, आता ती अख्ख्या शाळेची झाली. मुलगी आठवडाभर शाळेत गेली नाही. परीक्षेचा एक पेपर बुडाला. मुलाच्या बापाने, तो टेम्पो चालवतो, पोराला पट्ट्याने मारले असे नंतर कळले. त्याने पोराच्या मनातली जात गेली असेल असे आम्हाला वाटत नाही.

बाल न्याय कायद्याचे कलम ७४ आम्ही नंतर वाचले. चौकशीत आलेल्या कोणत्याही मुलाची, मग तो पीडित असो की आरोपी, ओळख माध्यमांतून उघड करणे गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायद्याची भाषा करत गेलेले आम्ही, कायदा आम्हीच धाब्यावर बसवला. व्हिडिओ काढून टाकला, पण इंटरनेटवरून काही काढून टाकले जाते यावर फक्त भाबड्या माणसांचा विश्वास असतो. ही चूक आमची, पूर्णपणे आमची. शाळेचे नाव न लिहिण्याचे कारण हेच.

तरीही, ‘मुलं आहेत, सोडून द्या’ या बाजूला आम्ही जाणार नाही. का जाणार नाही, ते नीट समजून घ्यायला हवे, कारण आपल्या चळवळीतलेही काही भले लोक हल्ली तसे बोलू लागले आहेत.

बाबासाहेबांचे एल्फिन्स्टन हायस्कूलमधले दिवस आठवा. चरित्रात येणारा प्रसंग बहुतेकांना माहीत आहे. शिक्षकांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले आणि वर्गातली पोरे धावली, कारण फळ्यामागे त्यांचे डबे ठेवलेले होते. अस्पृश्य मुलगा फळ्याजवळ पोहोचण्याआधी डबे हलवायचे होते. साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागत होते आणि शिपाई नसला की तहानलेले राहावे लागत होते, हे तर त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवले आहे. ती व्यवस्था मोठ्यांनी केली होती. पण एल्फिन्स्टनमध्ये धावली ती मुले होती, त्याच वयाची. त्यांच्यापैकी कुणी शिवी दिली नाही, कुणी एक शब्द बोलले नाही, फक्त डबे उचलले. त्या पोरांना विचारले असते तर त्यांनीही म्हटले असते, आम्ही कुठे काय केले? आम्हाला त्या गोष्टीत नेहमी फळ्याजवळ उभे असलेले शिक्षक दिसतात. बोलावले त्यांनी, ही मोठी गोष्ट होती. पण डबे हलवून झाल्यावर त्या मुलांशी त्यांनी बोलायला हवे होते. आजही शाळेतला सगळा प्रश्न त्याच क्षणापाशी अडलेला आहे, पोरे डबे उचलतात आणि तास पुढे चालू राहतो.

७ नोव्हेंबर १९०० हा बाबासाहेबांचा साताऱ्याच्या शाळेतला प्रवेश दिन, तो २०१७ पासून राज्यात ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून साजरा होतो. भाषणे होतात, निबंध होतात. किती शाळांत त्या दिवशी गोणपाटाची गोष्ट सांगितली जाते? आम्ही पाच-सहा शाळांतल्या ओळखीच्या मुलांना विचारले. ‘बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे’ हे सगळ्यांना पाठ. त्यांना कुठे बसवत होते, हे दोघांनाच माहीत. कष्टाची गोष्ट ठेवायची आणि अपमानाची गाळायची, म्हणजे मग अपमान करणारेही गळून पडतात. फार सोयीचे आहे हे.

सोडून दिल्यावर काय होते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. २८ एप्रिल २०१४, अहमदनगर जिल्ह्यातले खर्डा. नितीन आगे, वय १७, शाळकरी मुलगा. सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून त्याला ठार मारले आणि मारहाणीची सुरुवात शाळेच्या आवारातच झाली, असा आरोप होता. खटला चालला, साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. ज्या आवारात रोज प्रतिज्ञा म्हटली जाते त्या आवारात हे घडले आणि पाहणाऱ्यांपैकी कुणाला काही दिसले नाही. १६ मे २०१५, शिर्डी. सागर शेजवळ हा नर्सिंगचा विद्यार्थी लग्नासाठी आला होता, मोबाईलवर भीमगीताची रिंगटोन वाजली एवढ्यावरून त्याला मारले. भीमगीत ऐकताच ज्यांचे डोके फिरले ते तरुण काही आकाशातून पडले नव्हते. तेही कधीतरी आठवीत होते, त्यांनीही वर्गात कुणाला तरी काहीतरी म्हटले असेल आणि कुठल्यातरी सरांनी ‘मस्करी’ म्हणून सोडून दिले असेल. हा आमचा तर्क आहे, पुरावा नाही. पण तो खोटा ठरवायची जबाबदारी आम्ही शाळांवर टाकतो.

तमिळनाडूचे उदाहरण आपल्याकडे फारसे कुणी वाचलेले नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तिरुनेलवेली जिल्ह्यात नांगुनेरी नावाचे गाव आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथल्या एका दलित विद्यार्थ्याच्या घरात शिरून त्याच्याच शाळेतल्या मुलांनी त्याच्यावर कोयत्याने वार केले, आडव्या आलेल्या बहिणीलाही सोडले नाही. कारण काय, तर हा मुलगा शाळेत त्रास होतो म्हणून शिक्षकांकडे बोलला होता. दोघे भावंडे वाचली. तमिळनाडू सरकारने निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांची एकसदस्यीय समिती नेमली आणि जून २०२४ मध्ये अहवाल आला. शाळांच्या नावांतून जात काढा, मनगटावर जातीच्या रंगाचे धागे आणि पट्टे बंद करा, कपाळावरच्या जातखुणा बंद करा, आपल्याच जातीच्या बहुसंख्येच्या भागात वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेल्या शिक्षकांच्या बदल्या करा, अशा त्यात शिफारशी आहेत. सगळ्या पटण्यासारख्या आहेत असे नाही. कपाळावरच्या खुणांवरून तिथे मोठा गदारोळ झाला, आणि खुणा पुसल्याने जात पुसत नाही हेही खरे. पण एका सरकारने शाळेतला जातद्वेष हा शाळेचा प्रश्न आहे असे मान्य करून न्यायमूर्ती नेमला, ही गोष्ट महाराष्ट्रात व्हायची आहे. आपल्याकडे डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा मंत्रिमंडळाने निर्णय घेतला. चांगलेच झाले. महारवाड्याचे भीमनगर झाले. पण वर्गातला पोरगा ‘भीमनगरचा’ म्हणून ज्या सुरात हाक मारतो तो सूर बदलण्याचा जीआर निघालेला नाही.

शिक्षकच जेव्हा द्वेष शिकवतो तेव्हा काय होते ते त्याच ऑगस्ट २०२३ मध्ये मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या खुब्बापूरच्या व्हिडिओत दिसले. सात वर्षांच्या मुस्लीम मुलाला वर्गातली मुले एकेक करून उठून थप्पड मारतात आणि बाई खुर्चीवर बसून आणखी जोरात मारायला सांगतात. तुषार गांधी सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने राज्य सरकारला धारेवर धरले, कारण धर्मावरून मुलाला शिक्षा होत असेल तर ते दर्जेदार शिक्षण नव्हेच. मार खाणाऱ्या मुलाचे दुःख समजते. पण त्या उठून थप्पड मारणाऱ्या पोरांचे काय? काहींच्या चेहऱ्यावर भीती दिसत होती. द्वेष करायला भाग पाडलेली मुलेही जखमी असतात, हे आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले असे म्हटले तरी चालेल.

आणि आता आपल्या घरात डोकावू. हे लिहिले म्हणून काही मित्र रागावतील, रागावू देत.

आपली पोरे काय बोलतात? ‘बामण’ हा शब्द आपल्या वस्तीत शिवीसारखा वापरला जातो, आणि वर्गात जोशी किंवा कुलकर्णी आडनावाचा एखादा गरीब, चष्मेवाला पोरगा असला तर त्याच्यावर तो फेकला जातो. ब्राह्मण्यावर टीका करणे वेगळे, त्या पोराचा डबा उडवणे वेगळे. मातंग मुलांना आपल्याच काही घरांत काय म्हटले जाते, ते मोठ्याने सांगायची आमची हिंमत होत नाही. मुस्लिमांबद्दलचे रील आपल्या पोरांच्याही फोनवर येतात आणि पुढे जातात. कोल्हापुरात ७ जून २०२३ रोजी दंगल पेटली ती काही स्टेटसवरून, आणि स्टेटस ठेवणाऱ्यांत अल्पवयीन मुलेही होती. उद्या अशा ग्रुपमध्ये आपले पोरगे नसेलच, असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल? आणि ‘भैया’? कळव्यापासून कल्याणपर्यंत कुठल्याही शाळेत जा, यूपी-बिहारच्या पोराला त्याच्या नावाने हाक मारणारे किती आहेत ते मोजा.

भाषेचा हा द्वेष किती जवळ आला आहे त्याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये कल्याणचा १९ वर्षांचा विद्यार्थी लोकलने मुलुंडला कॉलेजला निघाला होता. गर्दीत तो हिंदीत काही बोलला म्हणून काही प्रवाशांनी त्याला मारले, असे त्याच्या वडिलांनी पोलिसांना सांगितले. घाबरून तो ठाण्याला उतरला. त्याच दिवशी घरी त्याने आयुष्य संपवले. तो मुलगा मराठीच होता. पण तो नसता तरी काय फरक पडला असता? ‘अरे, तो तर मराठीच निघाला’ अशी हळहळ त्या आठवड्यात आम्ही नाक्यावर ऐकली, आणि ती हळहळ आम्हाला मारहाणीइतकीच भयंकर वाटली.

कायदा काय सांगतो ते थोडक्यात पाहू, कारण पोलीस ठाण्याच्या दारात उभे राहून वाद घालताना हे कुणालाच आठवत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाविरुद्ध प्रकरण गेले तर ते बाल न्याय मंडळापुढे जाते. सात वर्षे किंवा त्याहून जास्त किमान शिक्षेचा गुन्हा नसेल, आणि मोठ्या माणसाचा सहभाग नसेल, तर नियमांप्रमाणे सहसा मुलावर एफआयआर होतच नाही. स्टेशन डायरीत नोंद होते आणि त्याच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडे जातो. म्हणजे टपरीवर आम्ही ज्यावरून तासभर भांडलो ते कायद्याने आधीच ठरवून ठेवले होते. जातिवाचक अपमान कितीही गंभीर असला तरी चौदा वर्षांच्या पोराला कोठडी, हे होणार नाही आणि होऊही नये.

पण मोठ्यांचे तसे नाही. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ मुलाला शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही बंदी करते. कलम ८ आणि ९ प्रमाणे दुर्बल, वंचित घटकातल्या मुलाशी भेदभाव होणार नाही हे पाहणे सरकारचे आणि स्थानिक प्राधिकरणाचे काम आहे. कलम २९ म्हणते की अभ्यासक्रम संविधानातल्या मूल्यांशी सुसंगत हवा आणि मूल भीतीपासून मुक्त हवे. हे मुख्याध्यापकांना लागू आहे, संस्थाचालकांना लागू आहे, शिक्षणाधिकाऱ्यांना लागू आहे. म्हणून आम्ही आता असे म्हणतो की तक्रार जरूर करायची, लेखी करायची, पोच घ्यायची, पण ती ज्यांनी कानाडोळा केला त्या मोठ्यांविरुद्ध. शिक्षक स्वतः जातिवाचक बोलला असेल तर मग अॅट्रॉसिटी, तिथे दया नाही. आणि पोराचे काय? त्याच्याशी बोलायचे. बसून, वेळ काढून, त्याच्या आईबापासकट.

बदलापूरच्या शाळेतले ऑगस्ट २०२४ चे प्रकरण आपल्याच जिल्ह्यातले. त्यानंतर सरकारला अचानक ‘सखी सावित्री समिती’ आठवली. तिचा शासन निर्णय मार्च २०२२ चा, म्हणजे दोन वर्षे ती अनेक शाळांत कागदावरच होती. समिती मुलांच्या सुरक्षिततेसाठी आहे. मग जातीवरून, धर्मावरून, भाषेवरून होणारा अपमान सुरक्षिततेत येत नाही का? नवी समिती मागायची गरज नाही, समित्यांनी शाळा आधीच भरल्या आहेत. असलेल्या समितीच्या कामात हा विषय घाला, तक्रारपेटी उघडताना एक पालक हजर ठेवा, एवढे मागू. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात, त्यात दुर्बल घटकांचे प्रमाणशीर प्रतिनिधी असावे लागतात. आपले किती लोक त्यात आहेत? जयंतीच्या कमिटीत अध्यक्षपदासाठी तीन पॅनल उभी राहतात आणि शाळेच्या समितीच्या बैठकीला आपल्यातले कुणी फिरकत नाही. ते काम मुलाच्या आईवर सोडलेले असते आणि तिला त्या दिवशी कामावरून सुट्टी मिळत नाही.

वर्गात काय करता येईल यावर शिक्षक मित्रांशी बरेच बोललो. संविधानाची उद्देशिका प्रत्येक पाठ्यपुस्तकात छापलेली आहे, २६ जानेवारी २०२० पासून परिपाठात तिचे वाचनही सक्तीचे झाले. ते आपल्यासारख्यांच्या रेट्यामुळे झाले आणि त्याचा अभिमान आहे. पण आमच्या त्या मुलीच्या शाळेतही ती रोज म्हटली जाते. ज्या तोंडाने सकाळी बंधुता म्हटली त्याच हाताने संध्याकाळी स्टिकर पाठवला. पाठांतराने एवढेच होते. एका शिक्षिकेने सांगितलेली रीत मात्र आम्हाला आवडली. तिने सातवीच्या वर्गाला मुक्ता साळवेची गोष्ट सांगितली. जोतिबांच्या शाळेतली मातंग मुलगी, वय अवघे चौदा, तिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’त छापून आला. गोष्ट सांगून झाल्यावर शिक्षिकेने मुलांना म्हटले, तुम्हाला कुणी कमी लेखले असेल तो दिवस लिहा. नाव घालू नका. दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, आता तुम्ही कुणाला कमी लेखले असेल तो दिवस लिहा. दुसऱ्या वेळी कागद कोरे येतील असे तिला वाटले होते. तसे झाले नाही. पहिल्यापेक्षा दुसऱ्या वेळी मुलांनी जास्त लिहिले होते.

संयुक्त राष्ट्रांनी १८ जून हा द्वेषपूर्ण भाषणाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय दिवस ठरवला आहे, २०२२ पासून तो पाळला जातो. आपल्याकडे विदर्भ सोडला तर शाळा जूनच्या मध्याला उघडतात, म्हणजे हा दिवस शाळेच्या पहिल्याच आठवड्यात येतो. नव्या वह्यांचा वास, गुलाबाचे फूल, प्रवेशोत्सव, त्यातच हेही करता येईल. दिवस पाळण्यावर आमचा फार विश्वास नाही, पण शिक्षकांना एक निमित्त लागते, ते मिळेल.

मोठ्यांच्या व्यासपीठांचा मुद्दा राहिलाच. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०२३ रोजी सर्व राज्यांना सांगितले की द्वेषपूर्ण भाषण झाले तर कुणाच्या तक्रारीची वाट न बघता स्वतःहून गुन्हा नोंदवा. त्यानंतर महाराष्ट्रात किती सभा झाल्या आणि काय काय बोलले गेले ते सगळ्यांनी ऐकले आहे, आणि त्या सभांना खांद्यावर बसून आलेली पोरेही आपण पाहिली आहेत. मोठ्यांसाठी कायदा आहे आणि तो वापरला जात नाही. मुलांसाठी कायदा नको म्हटले की आपल्याच पोरांना तो हवासा वाटतो. ही तगमग आम्हाला समजते. ज्याला व्यासपीठावरच्याला हात लावता येत नाही तो वर्गातल्याला धरायला जातो.

त्या मुलीने शाळा सोडली नाही. व्हिडिओच्या प्रकारानंतर आम्ही तिच्या घरी माफी मागायला गेलो, भाऊही आले होते. तिची आई काही बोलली नाही, चहा ठेवला. मुलीला विचारले, तुला काय हवे होते, आम्ही तुला आधी विचारलेच नाही. तिने बराच वेळ विचार केला. म्हणाली, “त्याला काही करू नका दादा. पण ज्यांनी हसायचे चेहरे टाकले ना, त्यात माझी बाकावरची मैत्रीण पण होती. तिच्याशी कुणीतरी बोला. आणि बाईंना सांगा, स्कॉलरशिपचं नाव वर्गात वाचू नका. ऑफिसात बोलवा.”

दुसरी गोष्ट आम्ही लेखी अर्ज देऊन केली. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतल्या अकरा शाळांना तोच अर्ज दिला आहे, शिष्यवृत्तीची आणि जातीच्या कागदांची यादी वर्गात वाचू नये म्हणून. चार शाळांनी होकार कळवला, बाकीच्यांकडे १६ जूननंतर पुन्हा जाणार आहोत. ज्यांना यायचे असेल त्यांनी शनिवारी संध्याकाळी टेंभी नाक्यावर यावे. मोबाईल खिशात ठेवावा लागेल.

पहिल्या गोष्टीसाठी अजून कुणी गेलेले नाही. त्या मैत्रिणीशी काय बोलायचे ते आम्हाला ठरवता आलेले नाही.